इल्काला द्यावयाचा एक टायर

मी, रोसविता रेटेरात, कै. विली रेटेरात यांची पत्नी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा टायर बसवणे, राहणार आडेनाउ, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही. कोणी मला धमकी, लालूच किंवा दारू दिलेली नाही. आमच्याकडे हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, हे मला माहीत आहे. मला मात्र दोन हवे आहेत. एकाच माणसाच्या शब्दावर विसंबून काय होतं ते मी पाहिलं आहे.

पहिलं. याआधी मी केलेलं मृत्युपत्र, ज्यात वर्कशॉप माझा धाकटा भाऊ लोटार पाउली याच्या नावे केलं होतं, ते आजपासून रद्द. भावाला काही दिलंच पाहिजे असं आमच्या कायद्यात नाही. ते कलम मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा केवळ समाधानासाठी.

दुसरं. घर, त्यामागचं वर्कशॉप, अंगण आणि बँकेत जे काही निघेल ते सगळं माझी एकुलती एक मुलगी इल्का हिला. घराच्या छताची उत्तरेकडची बाजू इल्काने स्वतः पाटीच्या दगडाने शाकारलेली आहे. छप्पर शाकारणाऱ्यांची उमेदवारी संपवताना तिने ती केली. दगड इतके सारखे बसवलेत की उस्ताद खाली उभा राहून मान मोडेपर्यंत बघत होता आणि खोड काढायला त्याला काही सापडलं नाही. दक्षिणेकडची बाजू ती पुढच्या वसंतात करणार होती. ती झाली नाही. तिथे बारा वर्षं पत्रे आहेत, पावसात ढोल वाजतात, आणि शेजाऱ्यांनी कितीदा सुचवलं तरी मी दुसऱ्या कोणाला त्या बाजूला शिडी लावू दिली नाही. इल्काचा गुडघा आता वाकत नाही, ती शिडी चढणार नाही, हे मला कळतं. कोणाकडून करून घ्यायचं ते तिने ठरवावं.

तिसरं. चाकं तोलण्याचं यंत्र, टायर उतरवायच्या सळया आणि जॅक याकोब हेन्स याला. याकोब रिंगवरून, म्हणजे आमच्या गावाजवळच्या शर्यतीच्या रस्त्यावरून, जिथे पैसे भरून कोणीही फेरी मारतो, बिघडलेल्या आणि आपटलेल्या गाड्या ओढून आणतो. तीस वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला तेवढं लोटार एका जेवणात बोलतो. खरं काय ते मला याकोबकडूनच कळत आलं आहे.

चौथं. दाराच्या आत लावलेली माझी पाटी, वर्कशॉप कोणीही घेवो, काढू नये. तिच्यावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे: "टायर झिजून मरत नाही, शिजून मरतो." चाळीस वर्षं लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. वेगाच्या गाड्यांसाठीचे हे मऊ टायर किती दिवस चालतील? उत्तर असं. गाडी जड आणि चालवणारा धसमुसळा असेल, तर एक शनिवार-रविवार. गाडी हलकी आणि हाताला लगाम असेल, तर अख्खा उन्हाळा. पुढचा डावा आधी जातो, कारण रिंगवर उजवी वळणं जास्त. पण नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर शिल्लक आहे, असं समजू नये. हे रबर दर वेळी तापतं, निवतं, आणि दर वेळी थोडं कडक होतं, पाव पुन्हा पुन्हा भाजावा तसं. वरून काळंभोर, नक्षी खोल, आणि आत लाकूड. म्हणून मी कधी मापपट्टी वापरली नाही. अंगठ्याचं नख टायरच्या खांद्यात, नक्षीच्या कडेला, रोवायचं. रुतलं तर टायर जिवंत.

कोलोनचे एक डॉक्टर मला लबाड म्हणाले होते, कारण त्यांनी दोन दिवसांत चार टायर संपवले. त्यांच्यासाठी मी हे कलम ठेवते. बाकी काही नाही.

पाचवं. आता लोटार.

बारा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये इल्काची उमेदवारी संपली. शनिवारी सकाळी माझ्या जुन्या पिवळ्या गाडीतून तिला रिंगची एक फेरी मारून आणायची, हे ती सहा वर्षांची असल्यापासून ठरलेलं होतं. गाडीसाठी मी नवा संच मागवला. माझ्या गाडीचे टायर मीच बसवायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. पण त्या आठवड्यात यंत्रात माझा उजवा अंगठा सापडला. नख गेलं, हातभर पट्टी. म्हणून टायर लोटारने बसवले.

शनिवारी मी विचारलं, "नवेच ना रे?"

"परवा आलेत," तो म्हणाला. "एक फेरी मारून घासूनही आणलेत तुझ्यासाठी. रबराचे केस गेले सगळे. आज नुसतं बस आणि निघ, रोझी."

नवे टायर असे एका हलक्या फेरीने घासावे लागतात, त्यामुळे नव्या रबरावर असतात ते बारीक केस दिसले नाहीत याचं मला नवल वाटलं नाही. उलट भाऊ किती करतो म्हणून मी त्याच्या गालाची पापी घेतली. आज ती आठवली की मला तोंड धुवावंसं वाटतं.

पहिल्या वळणांना गाडी सरकत होती. मी म्हटलं, सकाळ गार आहे, टायर तापले नाहीत. पुढे जुन्या खाणीजवळच्या वळणाकडे मोठा उतार लागतो. डावीकडचं लाकडी कुंपण जिथे संपतं तिथे इल्का म्हणाली, "आई, हळू." मी म्हणाले, "टायर नवे आहेत." त्यापुढचं मला आठवत नाही. डोक्याला मार बसला होता. डोळे उघडले तेव्हा दवाखाना होता, आणि शेजारच्या खोलीत इल्काच्या गुडघ्यात लोखंड घालत होते.

पंचनामा करणाऱ्याने नक्षीची खोली मोजली. भरपूर होती. लोटारने सांगितलं, टायर दोन दिवसांचे आहेत. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा लांबलचक होत्या. नव्या टायरच्या एवढ्या लांब खुणा, म्हणजे वेग भयंकर असणार, असं पंचनामा करणाऱ्याने लिहून टाकलं. गावानेही लगेच मान डोलावली. छप्पन्न वर्षांची बाई आणि शर्यतीची गाडी, आणखी काय होणार! मीही मानलं. आठवतच नाही तर भांडू कशावर?

इल्का दवाखान्यात मला म्हणाली, "मी डोळे मिटून घेतले होते. तुला हळू म्हटलं होतं. तू ऐकलं नाहीस. तुझा माझ्यापेक्षा टायरवर जास्त विश्वास." त्यानंतर ती कीलला गेली, समुद्राकाठी, जिथे चढायला साधी टेकडी नाही. आता एका कचेरीत बसते. माझी पत्रं न उघडता परत येतात. ती रागावली म्हणून मी तिला बोल लावत नाही. तिला जे सांगितलं गेलं त्यावर कोणीही रागावलं असतं.

त्या गाडीचं पुढचं डावं चाक मी याकोबकडून मागून घेतलं आणि वर्कशॉपच्या भिंतीला टांगलं. रोज नजरेसमोर असावं, म्हणून. यंदा मे महिन्यात भिंतीला चुना लावायचा होता. चाक उतरवताना निसटलं आणि पालथं पडलं. टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात. या टायरवर ते आतल्या बाजूला होते. बारा वर्षं ते भिंतीकडे तोंड करून होते. टायर अपघाताच्या सहा वर्षं आधीचा निघाला. कोणीतरी वापरून, शिजवून, टाकून दिलेला. वरून काळं पॉलिश मारलेला.

मी खाली बसले ती याकोब येईपर्यंत उठले नाही.

लोटार दर रविवारी दुपारी आलुबुखारचा केक घेऊन येतो. बारा वर्षं एक रविवार चुकवला नाही. सगळं गाव म्हणतं, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. त्या रविवारी मी त्याला वर्कशॉपमध्येच बसवलं. खालच्या खड्ड्यात याकोब ट्रकच्या पोटाखाली काम करत होता, हे लोटारला माहीत नव्हतं.

"लोटार, त्या वेळचा नवा संच कुठे गेला रे?"

"कुठला?"

"ज्याचे केस तू एक फेरी मारून काढलेस."

त्याने केकचा घास संपवला. मग काटा बशीत ठेवला. "बारा वर्षं झाली, रोझी. आता उकरून काय निघणार?"

"कुठे गेला?"

"शुक्रवारी तो बेल्जियन आला होता. त्याला आत्ताच्या आत्ता हवा होता. गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं का? मी म्हटलं सोमवारी दुसरा मागवू, तुला कळणारही नाही."

"आणि माझ्या गाडीत माझी पोर बसणार होती."

"अगं, मला काय माहीत असं होईल! मला वाटलं, तू काय, सावकाशच जाणार. तू नेहमी सावकाशच चालवायचीस. तुझ्यामागे गाड्यांची रांग लागायची."

हे तो म्हणाला. ज्याने पंचनामा करणाऱ्याला, गावाला आणि माझ्या मुलीला "रोझीचा पाय जडच, गाडी पळवतेच ती" म्हणून सांगितलं, तो.

मी म्हटलं, "इल्काला फोन कर. आत्ता. माझ्यासमोर सांग."

"नाही."

"का?"

"ती माझ्याशी बोलते, रोझी. नाताळला फोन करते. मला दुसरं कोण आहे?" मग उठता उठता म्हणाला, "आणि तू सांगून बघ. म्हातारी आता स्वतःची कातडी वाचवतेय, असंच म्हणेल ती. पत्रं तरी उघडते का तुझी?"

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. त्याने टायर विकले, ते मी एखादे वेळी गिळलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण माझी मुलगी माझ्यापासून तुटलेली असताना तो तिचे फोन घेत राहिला आणि मला केक भरवत राहिला.

म्हणून लोटार पाउली याला घरातलं, वर्कशॉपमधलं, बँकेतलं काहीही नाही. केकचा डबा तेवढा त्याच्याकडे राहू द्यावा. तो आईचा आहे, आणि मला तो पुन्हा माझ्या टेबलावर नको. माझ्या अंत्यविधीला त्याने यावं, बंदी नाही. शेवटच्या बाकावर बसावं. बोलू नये.

सहावं, आणि हे मृत्युपत्र ज्यासाठी लिहिलं ते. वर्कशॉपच्या भिंतीवरचं ते चाक टायरसकट माझी मुलगी इल्का हिला. याकोबने ते टपालाने न पाठवता स्वतः कीलला नेऊन तिच्या हातात द्यावं. पेट्रोलचा खर्च माझ्या खात्यातून.

इल्का, माझं पत्र तू परत पाठवू शकतेस, पण मृत्युपत्राची प्रत न्यायालय पाठवतं आणि घर कोणाला मिळालं ते पाहण्यासाठी माणसाला ती उघडावीच लागते. लबाडी आहे खरी. पण मला दुसरा दरवाजा राहिला नव्हता. चाक पालथं कर आणि आतल्या बाजूचे चार आकडे वाच. नख रोवून बघू नकोस, बारा वर्षं भिंतीवर राहून कुठलाही टायर कडक होतो, आणि लोटार तेच म्हणेल. आकड्यांना तो काही म्हणू शकत नाही.

मी तुझं ऐकलं की नाही, ते मला आजही आठवत नाही. आठवतं असं खोटं सांगून मी तुझ्याकडून काही मिळवणार नाही. एवढंच सांगते. माझा विश्वास टायरवर नव्हता, पोरी. तो माझ्या भावावर होता.

हे सर्व मी वाचून, समजून लिहिलं. साक्षीदारांना सहीखाली काही लिहावंसं वाटलं तर लिहावं. मी तोवर कॉफी टाकते. त्यांचं लिहिलेलं मी वाचणार नाही, नाहीतर मला दुरुस्त करायचा मोह होईल.

आडेनाउ, दिनांक १४ ऑक्टोबर २०२३

(सही) रोसविता रेटेरात

साक्षीदार पहिली: मारलीज थाइसेन, शेजारीण. रोसविताने माझ्यासमोर सही केली. ती शुद्धीत आहे. रडली, पण सही झाल्यावर.

साक्षीदार दुसरा: याकोब हेन्स. लोटारचं बोलणं मी खड्ड्यातून ऐकलं. वर लिहिलंय ते शब्दशः खरं आहे. आणखी एक. त्या दिवशी गाडी मीच ओढून आणली. ब्रेकच्या खुणा मी पाहिल्या होत्या. टायर नवे समजून सगळ्यांनी खुणांची लांबी म्हणजे वेग धरला, मीही धरला. टायर शिजलेले असले तर साध्या वेगालाही तेवढ्या लांब खुणा पडतात, गाडी थांबतच नाही. हे मला मे महिन्यात कळलं. रोसविता कुंपणाचं कधी कोणाला बोलली नव्हती, मी आज पहिल्यांदा वाचलं. खुणा कुठून सुरू झाल्या होत्या ते मला पक्कं आठवतं. डावीकडचं लाकडी कुंपण संपतं, तिथून. इल्का, तुझ्या आईने तुझं ऐकलं होतं.