जाड पुस्तक, पातळ पुस्तक

२ डिसेंबर

झालं एकदाचं! आमचं रसायनशास्त्राचं पुस्तक छापून आलं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं, इथली पोरं शिकतात त्या हिंदीतलं, पूर्ण फुकट. मोबाईलवर वाचा, छापून घ्या, हवं तर त्यात भर घाला — कुणाची परवानगी नको. मी आणि माझ्या विभागातल्या इंदिरा मॅडमनी दोन वर्षांच्या सुट्ट्या घातल्या त्यात. बाजारातलं जाड पुस्तक आमच्या अर्ध्या पोरांना परवडत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. आईने प्रत हातात घेतली आणि कपाळाला लावली. मला उगाच भरून आलं.

५ डिसेंबर

आज वाटप. प्राचार्य शालिग्राम सर म्हणाले, "प्रती कमी हायेत मॅडम. शिष्यवृत्तीवाल्यांना देऊन टाका. अन् फोटो पाहिजे बरं." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. भर वर्गात नावं पुकारली, एकेकाला फळ्याजवळ बोलावलं. पुस्तकाचं एक टोक माझ्या हातात, दुसरं पोराच्या, आणि दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. बरगी गावाहून येणारी ममता ओढणी तोंडावर ओढून उभी राहिली. मी म्हटलं, "बेटा, चेहरा तो दिखाओ." वर्ग हसला. मीही हसले. पहिल्या बाकावरून माझी क्षमा टाळ्या वाजवत होती. आईच्या वर्गात बसायचा एरवी तिला वैताग येतो, आज मात्र खूश होती.

संध्याकाळी फोटो कॉलेजच्या ग्रुपवर आले. खाली अभिनंदनं. मी ती परत परत वाचली.

९ डिसेंबर

ममता आज नाही. कालही नव्हती.

१२ डिसेंबर

ज्यांना पुस्तक दिलं त्यातल्या एकानेही ते वर्गात आणलं नाही. चिरागला विचारलं तर मान खाली. मागून कुणीतरी म्हणालं, "मैडम, गरीबी रेखा वाली किताब घर पे छोड़ आया." खसखस पिकली. मी ओरडले. पण ओरडायचं तोंड मला कुठे होतं? पुस्तकाचं हे बारसं मीच केलं होतं, फळ्याजवळ.

माझ्या वेळी गरीब पोरांना कॉलेजच्या पुस्तकपेढीतून पुस्तकं मिळायची, मलाही. पहिल्याच पानावर हा एवढा शिक्का. वर्गात पुस्तक उघडलं की मी शिक्क्यावर अंगठा ठेवून बसायची. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात. मी तर त्याच वंशातून आले आणि तरी कळलं नाही. ग्रुपवरचे फोटो काढून टाकायला लावले. उशीरच झाला.

१४ डिसेंबर, रविवार

बसने बरगीला गेले. ममताची माफी मागायची होती. तिची आई घरी होती, तिने चहा ठेवला. म्हणाली, "वो तो मटर तोड़ने जाती है आजकल. कहती है, थोड़े दिन बाद कॉलेज जाऊँगी." माझ्यापायी पोरीने शिक्षण सोडलं की काय?

ममता आली. नखांत हिरवं भरलेलं. वाटेत घोकलेलं सगळं मी कसंबसं बोलले. तिने ऐकून घेतलं.

"किताब अच्छी है मैडम. समझ में आती है."

"फिर आती क्यों नहीं?"

तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग अगदी अदबीने विचारलं, "क्षमा के पास कौन सी है?"

जुलैमध्ये सदर बाजारातून ते जाड पुस्तक मीच क्षमाला आणून दिलं. आमचे धडे तेव्हा मोबाईलवर तयार होते. ते रोज पहिल्या बाकावर असतं, माझ्या नाकासमोर. ते सगळ्या वर्गाला दिसत होतं. मलाच दिसलं नाही.

१५ डिसेंबर

आईला सांगितलं सगळं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "तुह्यं पुस्तक चांगलं हाये न विनता? मंग पोरीले काहून दुसरं आणून देल्लं?"

मी म्हटलं, त्यात रंगीत चित्रं आहेत. आई नुसतं "हं" म्हणाली आणि सोलत राहिली.

खरं कारण इथे तरी लिहावं. दुसऱ्यांच्या पोरांना हे चालेल, माझ्या पोरीला मात्र बाजारातलं हवं — असंच होतं माझ्या मनात. दोन वर्षं राबले त्या पुस्तकावर, आणि माझाच त्याच्यावर भरवसा नव्हता. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

क्षमाला म्हटलं, उद्यापासून आमचं पुस्तक ने. ती म्हणाली, "पर मम्मी, ते तर त्यांच्यासाठी आहे ना?"

त्यांच्यासाठी! कुठून शिकली हे, ते विचारायची सोय नाही.

१९ डिसेंबर

शालिग्राम सरांना सांगून आले — यापुढे प्रत्येक बाकावर प्रत, नाहीतर कुठेच नाही. आणि फोटो बंद. "काहून एवढं मनावर घेऊन राहिल्या मॅडम? चांगलंच तं केलं तुम्ही," म्हणाले. वाद घातला नाही. इंदिरा मॅडमनी कमी पडतील तेवढ्या प्रती छापायचं मनावर घेतलं आहे.

क्षमा तीन दिवस फुगून होती. आज मात्र तिने आमचं पुस्तक नेलं. कव्हर न घालता बाकावर ठेवलं. तिचं बघून चिरागनेही पिशवीतून काढलं. तास संपेपर्यंत मला नीट शिकवता येईना, इतकं बरं वाटत होतं.

ममताला मेसेज केला — अब क्षमा भी वही किताब पढ़ती है. आ जाओ. लगेच उत्तर आलं, "जी मैडम. सोमवार को आऊँगी."

देवा, सुटले.

२२ डिसेंबर

ममता आली. पहिल्या बाकावर, क्षमाशेजारी बसली. क्षमापुढे आमचं पातळ पुस्तक. ममतापुढे ते जाड — कोरं करकरीत, मटारांच्या मजुरीतलं. किमतीचं लेबल तसंच ठेवलेलं, वर्गाला दिसेल असं.

हजेरी घेताना तिचं नाव पुकारलं. "यस मैडम," ती म्हणाली. ओढणी खांद्यावर होती, चेहरा पूर्ण उघडा.