दुसरा खटका

गुंजवणे,
शुक्रवार

प्रिय संपत,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन फाडून चुलीत घातली. फोन केला असता, पण तू मध्येच "असू दे रं कुमार" म्हणशील आणि माझं तोंड तिथंच बंद होईल. म्हणून कागद. माझ्या हाताखालचा पप्पू उद्या तुमच्या पठारावर येणार आहे, त्याच्या हाती देतोय. सोमवारी तू ठाण्यात चिमाजीविरुद्ध जबाब द्यायला जाशील, त्याच्या आत वाच. मध्ये ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

बयामावशी जेवतात का? आबांच्या तेराव्याला त्यांनी मला तुझ्या शेजारी पानावर बसवलं, भात दोनदा वाढला आणि म्हणाल्या, "आता तूच समजाव संपतला, तू बी माजाच ल्योक हायेस." मी पान तसंच सोडून उठलो. मावशींना वाटलं, आबांच्या आठवणीनं.

तुला ते पहिलं झाड आठवतं? तुमच्या वाड्यामागचा ऐन. आमचे अप्पा भाताच्या राबासाठी जाळायच्या फांद्या तोडताना पडले आणि माझी नववी तिथंच सुटली. नसरापूरला वेल्डिंगच्या दुकानात लागलो, तरी डोक्यात एकच होतं, झाडावरचा माणूस हात सुटला तरी खाली येता कामा नये. चार वर्षं गेली तेव्हा कुठं खोडाला वेढा घालून कमरेला अडकवायचा तो पट्टा जमला. घालून चढायला कोणी तयार नव्हतं. तू त्या ऐनावर चढलास. भीमाआबा खालून ओरडत होते, "आरं, मानूस हाय का म्हशीला दावं लावलंय?" आणि तू वर जाऊन दोन्ही हात सोडलेस. वर तू हसत होतास. आबांनी धोतर खोचलं. म्हणाले, "काड तो. मला बगू दे." तुझ्या साठीच्या बापानं त्या दिवशी शेळ्यांच्या पाल्यासाठी अख्खा ऐन छाटून सवळला.

मग मी आईच्या नावाचा छाप करून घेतला, 'ठकुबाई झाडपट्टा'. पट्टा कमरेला जिथं अडकतो तो खटका मी ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादाचा करायचो. प्रत्येक पट्टा वाळूची दोन पोती लावून दिवसभर टांगायचा, टिकला की वहीत त्याच्या नंबरापुढं बरोबरची खूण करायची. तोच नंबर पट्ट्याच्या घडीत आतून लिहून वरून शिवून टाकायचा. तू चिडवायचास, "आत कोन बगतंय रं?" मी बघत होतो. मला तेवढ्यानं झोप लागायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात नसरापूरच्या बाजारात माझेच पट्टे दिसले, मी न केलेले. तोच खाकी रंग, तोच छाप, किंमत निम्मी. एक विकत घेऊन घरी आणला. आईला वाचता येत नाही, पण छाप ओळखता येतो. तिनं बोट फिरवलं आणि विचारलं, "माजं नाव त्येंनी कुटनं आणलं?" सारोळ्याच्या चिमाजीनं दुकानात बाहेर नकली टांगले आणि माझे आत ठेवले. गिऱ्हाईक म्हणायचं, दोन्ही सारकंच दिसत्यात, मग दुप्पट कशापायी द्यायचं? माझ्याकडं उत्तर होतं, पण ते घडीच्या आत शिवलेलं होतं.

तुला एक कधी सांगितलं नाही. तेव्हा मी दुसऱ्या खटक्यावर काम करत होतो. पहिला उघडलाच, तर वीतभर खाली दुसरा धरेल असा. अकरा चित्रं काढली होती, अकरावं बरोबर होतं. करायला चार महिने लागले असते. मनात आलं, कुणासाठी करायचा? पंधरा दिवसांत याचीही नक्कल बाजारात येईल. चित्रांची वही मिटली आणि फळीवर ठेवली. ती मिटली नसती तर, असं रोज सकाळी उठल्याबरोबर मनात येतं.

माघात आबा झाडावरून पडले. तिसऱ्या दिवशी गेले. तू तो तुटका पट्टा त्यांच्या घोंगडीत गुंडाळून माझ्यासमोर ठेवलास आणि म्हणालास, "बग कुमार, नकलीच हाय न्हवं? तुज्या नावावर डाग येऊ देणार न्हाई मी." मी पट्टा हातात घेतला, उलटा केला आणि म्हणालो, व्हय. त्याच दुपारी तुमच्या पठारावरच्या पोरांनी जाऊन चिमाजीचं दुकान फोडलं. आता तो कोठडीत आहे आणि एकच सांगतोय, "भीमाआबांनी अस्सलच मागितला, म्या आतनं काढून दिला, पुरे पैशे घेतले." ऐकणारे थुंकतात.

संपत, चिमाजी खरं बोलतोय. पट्टा उलटा केला तेव्हा घडीची शिवण उसवलेली होती. आत माझ्या अक्षरात दोनशे चौदा होतं. वहीत दोनशे चौदापुढं खूण नाही. गेल्या पावसाळ्यापासून मी पुण्याहून तयार खटके आणत होतो, नकली करणारे आणतात तेच, त्याच दुकानातून. किंमत उतरवल्याशिवाय माझा पट्टा खपत नव्हता. दहातला एक टांगायचो, बाकीच्यांना नुसता नंबर घालायचो. चिमाजीनं नकली विकले त्याची शिक्षा त्याला होऊ दे, पण आबांची नको. ती माझी आहे. तू जबाब देऊ नकोस. सोमवारी पहिल्या एस.टी.नं पट्टा आणि वही घेऊन मी ठाण्यात जातोय. खूण नसलेले एकशे चार पट्टे विकले गेलेत. बारा दिवस वाड्या-वस्त्या फिरतोय, अडतीस परत मिळाले. बाकीच्यांची यादी पप्पूकडं दिली आहे. मी आत असलो तर तेवढे गोळा कर. माझ्यासाठी नको, त्या झाडांवर चढणाऱ्यांसाठी. तुझ्या खुंटीवरचा पट्टा तीन नंबरचा आहे. आज तो तुला जाळावासा वाटेल. जाळू नकोस. तो मी दोन दिवस टांगला होता.

'तुझाच' लिहायला हात धजत नाही. तेवढी जागा कोरी सोडतो.

कुमार