छातीतला दाणा

जळकोट,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

गौरीशंकर भावोजी यांस,
शिवकांताचा नमस्कार.

आज सकाळी ह्यांच्या समाधीला बेल वाहून आले. दुपारी तुरीवर फवारणी झाली. तुमच्या आई थोडं जेवल्या, आता पडल्या आहेत. शिवगणाराधनेच्या जेवणाला आलेली मंडळी सगळी परत गेली. भांडी ज्याची त्याला पोचवली.

तुमचा मेसेज मिळाला. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहिते आहे.

समाधी उकरून ह्यांच्या छातीतला तो दाणा काढून न्यायचा, त्यासाठी पत्नी म्हणून माझी संमती पाहिजे, असं तुम्ही कळवलं आहे. आकडे चुकीचे का येत होते, हे तुमच्या पुण्याच्या हॉस्पिटलातल्या लोकांना तपासायचं आहे म्हणता. तुमच्या सख्ख्या भावाबद्दल आहे हे. मेसेजात 'पेशंट' लिहिलं आहे.

ते यंत्र तुम्ही बसवलंत तेव्हा मला दोनदा समजावलंत. हळू, मोठ्या आवाजात, लहान पोराला सांगावं तसं. आत बॅटरी नाही. तांदळाएवढा दाणा, हृदयाजवळच्या नळीत झोपलेला. बाहेरून छातीवर चकती धरली की तारेशिवाय कातडीतून वीज जाते, दाणा जागा होतो, आतला दाब मोजतो, आकडा फोनवर येतो आणि तुमच्याकडं पोचतो. आकडा चढला की समजायचं, फुप्फुसात पाणी साठतंय, गोळी वाढवायची. धाप लागायच्या आठवडाभर आधी कळतं, म्हणालात. पहिल्याच वेळी समजलं होतं मला.

हे मात्र आडतीवर येईल त्याला सांगायचे, "गवऱ्यानं माज्या छातीत दाना पेरलाय. उगवला की भाव काढू." लई कौतुक होतं त्यांना तुमचं. मला नव्हतं, पण मी बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे.

चांदीजवळ चकती नीट चालत नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतं. गळ्यातलं लिंग ज्या चांदीच्या डबीत असतं ती करडगी छातीवरच असते, म्हणून तुम्ही फर्मावलंत की रोज तेवढा वेळ लिंग काढून खुंटीला अडकव. लिंग अंगावेगळं करून हे पाणीसुद्धा पीत नसत. पण त्यांनी त्यातून वाट काढली आणि रोज आकडा पाठवला. ती वाट तुम्हाला आजवर सुचलेली नाही.

मग त्या सोमवारी आकडा चढला. मंगळवारी आणखी. पाय सुजले होते. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "वहिनी, खोटा आकडा आहे. चांदी मधे येतेय. दादाला सांगा, ते लिंग काढून ठेव म्हणावं, एवढं कळत नाही का?" मी म्हटलं, पूजेला बसल्यावरच मोजतो. तुम्ही हो हो म्हणालात आणि ठेवून दिलात.

मी सोलापूरच्या दवाखान्यात जायला गाडी सांगितली. ह्यांनी ती परत पाठवली. "गवऱ्या खोटं हाय म्हनला ना? मग खोटं हाय. त्यो शिकलाय." गुरुवारी सकाळी चहा पुढं ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. भिंतीला टेकून बसले होते तसेच गेले.

समाधीच्या वेळी तुम्ही पांढरा कुर्ता घालून पुढं होतात. ह्यांना बसवलं, विभूती लावली, आणि शंभुलिंग स्वामींनी लिंग तुमच्या हाती दिलं. तुम्ही ते ह्यांच्या उजव्या हातात ठेवायला निघालात. स्वामींनी मनगट धरून तुमचा हात डावीकडं नेला. चार लोकांनी पाहिलं. तेव्हा मला उमगलं की तुम्ही ते 'हो हो' काय न समजता म्हणाला होतात.

भावोजी, पूजेला बसलं की लिंग करडगीतून डाव्या तळहातावर येतं. रिकामी करडगी हे उतरवून ताटात ठेवायचे. लिंग अंगावरच, हातात. छाती मोकळी. तेवढ्यात मी चकती धरायची. मधे चांदी नव्हतीच. एकही आकडा खोटा नव्हता. लिंगायताच्या घरात जन्मून हे ज्याला आठवलं नाही, त्याच्यावर ह्यांनी जीव सोपवला.

आणि आराधनेच्या पंगतीत तुम्ही काय सांगितलंत? की घरात चकती नीट लावली जात नव्हती. शरणप्पा काका सगळ्यांदेखत मला म्हणाले, "बारावी शिकलेली बाई तू, येक चकती धरता यीना व्हय?" तुम्ही समोर जिलेबी खात होतात. मान वर केली नाहीत. मी वाढत राहिले.

दाणा मिळणार नाही. आता त्याला जागं करून काय विचारणार? जागा होता तेव्हा तो खरं सांगत होता, आणि तुम्ही त्याला खोटं ठरवलंत. काकांना खरं काय ते तुम्ही स्वतः सांगा. नाही सांगितलंत तरी मला नवल वाटणार नाही, तुमच्याकडून तेवढीच अपेक्षा उरली आहे. आईंना मी काही बोललेले नाही. त्या अजून तुमच्या फोनची वाट बघतात, म्हणून तो घेते आणि त्यांच्या कानाला लावून देते. बोलणं झाल्यावर फोन मला देऊ नका म्हणून त्यांना सांगत जा.

माझी सही हवी होती ना? ती या पत्राखाली आहे. दुसऱ्या कुठल्या कागदावर मिळणार नाही.

नळाला पाणी आलं आहे. घागरी भरायला उठते.

शिवकांता
('तुमची वहिनी' लिहायला हात गेला नाही.)