उपटसुंभांचा बंदोबस्त

२ जून, सकाळी ७
घरातल्या माशांच्या टाकीत एक उपटसुंभ उगवलाय. काडीएवढा तपकिरी देठ, वर झिरमिळ्या. समुद्री अॅनिमोन म्हणे. दगडाला चिकटून फुकट आलेला. मुलगी घाबरली. असले डंख मारून प्रवाळ संपवतात, असं तिने कुठेतरी वाचलंय. तिचं हिरवं प्रवाळ याच टाकीत आहे. दहाव्या वाढदिवसाला नखाएवढा तुकडा आणला होता, तीन वर्षांत बशीएवढा झाला. पाणी ती बदलते, मीठ ती मोजते. मी सर्वसाधारण देखरेख ठेवतो.
तिला सांगितलं, काळजी नको. बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात बावीस वर्षं दोष शोधतोय. ही काडी मला काय जड!

२ जून, सकाळी ७.४०
उगम सापडला. साडू. मागच्या महिन्यात त्याने एक दगड दिला होता. माणूसच तसला. नवीन काहीही आणलं की महिनाभर वेगळ्या बादलीत ठेवतो, वहीत नोंदी करतो, टाकीत हात घालण्याआधी कोपरापर्यंत धुतो. जसं काही ऑपरेशनच करायचंय.
मुलगी म्हणाली, बाबा, काकांचा दगड डावीकडे आहे. हा उगवलाय तो तुम्ही दुकानातून आणून थेट टाकलेल्या दगडावर. तपास चालू आहे.

५ जून
दुकानदार म्हणाला, ओरबाडू नका, जरासा तुकडा राहिला तरी त्याचा नवा होतो. पंप बंद करा आणि इंजेक्शनच्या सुईने चुन्याचं दाट पाणी थेट त्याच्या तोंडात सोडा. दुकानदारांना घाबरवायची सवयच असते, त्याशिवाय माल खपत नाही. घरात जुना टूथब्रश होता. मुलगी शाळेत गेल्यावर घासून काढला. अर्ध्या मिनिटाचं काम. तुकडे थोडा वेळ पाण्यात गरगरले, मग दिसेनासे झाले. विषय संपला.
संध्याकाळी मुलीने ओला ब्रश पाहिला. बरणी घेऊन बाहेर निघून गेली. कौतुक करायचं वयच नाही तिचं.

१५ जून, रविवार
सतरा. त्यातला एक पंपाच्या तोंडाशी.
बायको म्हणाली, अहो, भाऊजींना बोलवा ना एकदा. म्हटलं, त्या बादलीवाल्याला? माझ्या घरात? मुलगी घरी नव्हती. दर रविवारी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते हल्ली. चांगलं आहे.

१७ जून
उपटसुंभ खाणारी कोळंबी मिळते. दुकानदाराने दोन जाती दाखवल्या. म्हणाला, पाठीला पोक असलेली नको, ती प्रवाळाला तोंड लावते. पण दुसरी अगदीच मरतुकडी होती. पोकवाली तरतरीत. माल पारखायला नजर लागते, ती सगळ्यांना कुठली असायला?

२० जून
कोळंबी उपटसुंभांना वळसा घालून प्रवाळावर जाऊन बसते. टेहळणी करत असावी.

२३ जून
टेहळणी लांबली. प्रवाळाचा एक कोपरा कुरतडलेला. मुलीने बरणीत खाऊ ठेवून कोळंबी पकडली आणि स्वतः दुकानात परत देऊन आली. मला विचारलंसुद्धा नाही. उपटसुंभ एकेचाळीस.

२६ जून, दुपारी ४
शेवटी चुनाच. पण एकेचाळीस तोंडं शोधत सुई घेऊन कोण बसणार? वाटीभर कालवला आणि ओतला. पंप चालूच ठेवला, सगळीकडे सारखा पोचावा म्हणून. ही गोष्ट त्या दुकानदाराला कशी सुचली नाही?

२६ जून, सव्वाचार
पाणी दुधासारखं झालंय. दिसत काही नाही, पण काम चालू असणार. मुलीने शाळेतून येऊन दप्तर दारातच टाकलं आणि दोन्ही मासे बादलीत काढले. मासे ठीक आहेत. प्रवाळ दगडाला पक्कं चिकटलेलं, ते निघालं नाही.

२७ जून
प्रवाळ गेलं. पांढरंफटक. मुलगी रडली. दार लावून रडली, म्हणजे मी ऐकू नये म्हणून. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. चुन्यात भेसळ होती, हे उघड आहे.
उपटसुंभ सकाळी आक्रसले होते. दुपारी उमलले. मोजले नाहीत.

६ जुलै, रविवार
बायको म्हणाली, चला, साडूकडे जायचंय, कारण विचारू नका. गेलो. तिथे मुलगी. मैत्रिणीकडे नाही.
ओला ब्रश दिसला त्याच संध्याकाळी तिने प्रवाळाचा नखाएवढा तुकडा कापून इथे आणला होता. बादलीत. रोजच्या नोंदी साडूच्या वहीत, रविवारच्या तिच्या अक्षरात. आज महिना पुरा झाला, तुकडा मोठ्या टाकीत जायचा होता. हिरवागार. मला एकदम भरून आलं. साडूला धन्यवाद म्हणणार होतो, पण तो पाण्याचं तापमान बघत होता.
मी पुढे होऊन बाह्या सरसावल्या. साडूने साबण दिला. कोपरापर्यंत धुतले. मग आपणहून परत एकदा धुतले.
मुलगी माझ्या हातांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, बाबा, तुम्ही नका हात घालू. तुम्ही नुसतं बघा.
तुकडा तिनेच लावला. मी देखरेख ठेवली. दारातून.