दाजी म्हणजे

शुक्र., १६ जाने.

सकाळी अमेयचा फोन. पुण्याच्या घराला रंग देऊन झाला. "आई, तू कबे येणार?" 'कधी'चं 'कबे', कोलकात्यात वाढलेल्या मुलाचं मराठी. तिकडे ऑफिसात हसतात म्हणे त्याला. 'बघू' म्हटलं. हे गेल्यापासून मी सगळ्यांना 'बघू'च म्हणते.

दुपारी सुतपादींचा फोन. आमच्या ब्लॉकमागे बायकांचं होम आहे, ते त्या चालवतात. मागल्या महिन्यात ह्यांचे स्वेटर तिथेच दिले. "बउदी, आपनी तो मराठी, ना?" इथे वहिनीला बउदी. सियालदहला एक मुलगी सापडली आहे. गंगासागरचे यात्रेकरू परतत होते त्या गर्दीत, फलाटावरच्या खांबाला मिठी मारून बसली होती. हात सोडवायला दोघी-तिघी लागल्या. हिंदी कळत नाही, बांगला नाही. झोपेत पुटपुटते ते मराठी असावं.

गेले. एकवीस-बावीसची असेल. खाट आणि भिंत यांच्या फटीत बसलेली. अंगात ह्यांचा करडा स्वेटर. कोपरावरचं रफू माझं.

 थोडं बसून परत आले.

शनि., १७

पुन्हा गेले. त्या एका हॉलमध्ये इतक्या बायका, टीव्ही मोठ्याने, बाहेर ऑटोंचे हॉर्न, कोणीतरी सतत कोणाला तरी हाका मारतंय. मलाच गरगरलं.

"गाव कोणतं, बाळ?" आपल्या लोकांत हाच पहिला प्रश्न.  तिची मान वर झाली. मराठी कळतं एवढं नक्की.

तेवढ्यात स्वयंपाकाची पुतुल आली. प्रेमाने म्हणाली, "तोमार नाम की गो?" मुलीने झटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीत शिरायला लागली. पुतुल रडवेली. "आमि की कोरलाम?" मी काय केलं, म्हणून.

डाव्या तळहातावर व्रण आहे. कातडी ओढलेली, चकचकीत. लक्ष गेलं की मूठ मिटते.

निघताना सवयीने "येते हं" म्हटलं. यावर 'या' म्हणायचं असतं. ती गप्प. घरातही आता म्हणणारं कोणी नाही.

रवि., १८

भाजी चिरताना एकदम कळलं. तोमार. आमार. तिला 'मार' ऐकू येतं. हे शहर दिवसभर तिच्या कानाशी मार-मार करतंय.

आमची बदली होऊन पहिलं वर्ष. मी ह्यांना म्हटलं होतं, तो कोपऱ्यावरचा मासेवाला रोज कोणाला मारायचं म्हणतो? किती हसले होते. इतक्या वर्षांत विसरूनच गेले मी ते.

होममध्ये मटारचं पोतं आलं होतं. ताट घेऊन तिच्याजवळ खाली बसले. सोलता सोलता, तिच्याकडे न बघता सांगितलं. "आमार म्हणजे माझं. तोमार म्हणजे तुझं. मारायचं कोणी म्हणत नाहीये." दोनदा सांगितलं. मग पुतुलला बोलावून म्हणायला लावलं. पुतुल हात जोडून उभी, शाळेत कविता म्हणतात तशी: आमार, तोमार, आमार, तोमार. बाकीच्या बायका हसायला लागल्या.

मुलगी हसली नाही. पण थोड्या वेळाने एक शेंग उचलली.

सोम., १९

आज फटीतून बाहेर, खाटेवर. मटार बराच सोलला. दाणे एका रंगाचे निवडून वेगळे ठेवते. मी बोलत नाही, ती बोलत नाही. मला बरं वाटतं तिथे. घरी येऊन अपराध्यासारखं वाटलं.

एक गोष्ट. स्वयंपाकघरात पुतुलने गॅस पेटवला, 'भक्' झालं, आणि ही खाटेखाली. बाहेर यायलाच तयार नाही. खेड्यातली, गॅसची सवय नसेल. सुतपादी म्हणाल्या, तिकडच्या जेवणाकडे ती फिरकतसुद्धा नाही, ताट खाटेवर द्यावं लागतं.

मंगळ., २०

बोलली!

सुतपादींच्या मते ती झोपेत 'दादाजी, दादाजी' करते. आजोबांची आठवण काढते बिचारी. सगळ्या होमने तसंच धरलेलं. आज दुपारी तिचा डोळा लागला तेव्हा मी जवळ होते. नीट ऐकलं. दादाजी नव्हे. दाजी.

सुतपादींना सांगितलं, दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. "ओ मा! जामाइबाबू!" त्यांचा चेहरा उजळला. म्हणजे घरदार आहे. बहीण आहे. मेळ्यात चुकामूक झाली असणार, दर वर्षी कोणी ना कोणी असं सापडतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. एवढ्या जणींत कोणाला कळलं नाही ते तुम्हाला कळलं.

खरं सांगायचं तर मलाही आनंद झाला. कितीतरी दिवसांनी. लिफ्टमध्ये वाटलं, वर जाऊन ह्यांना सांगू.

बुध., २१

सुतपादींना विचारून इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं. मी त्या ग्रुपवर कधी काही लिहीत नाही. ह्यांच्या वेळीसुद्धा लिहिलं नव्हतं. तिचा फोटो आणि खाली: 'ही मुलगी सॉल्ट लेकमधील होममध्ये सुखरूप आहे. मराठी बोलते. आपल्या दाजींची आठवण काढते. नातेवाईकांपर्यंत पोहोचवावे.' शेवटी माझा नंबर.

लगेच धडाधड उत्तरं. सोलापूरच्या ग्रुपवर पाठवलं, बीडच्या पाठवलं, यात्रा कंपनीवाल्यांना पाठवलं. आपली माणसं अशा वेळी उभी राहतात.

तिला सांगितलं, "तुझ्या दाजींना शोधतोय हं आम्ही."

तिच्या हातातलं ताट कलंडलं. सगळे दाणे खाटेखाली. मला वाटलं, आनंदाने.

शुक्र., २३

सरस्वतीपूजा. होमच्या समोरच मांडव, ढाक म्हणजे इथले मोठे ढोल, दोन मोठे स्पीकर. पिवळ्या साड्यांतल्या मुलींचे घोळके. सुतपादींनी सकाळीच बोलावलं, आवरत नाहीये म्हणाल्या. ती पुन्हा फटीत. डोकं भिंतीवर आपटत होती. एका लयीत.

ह्यांची मंकी टोपी पर्समध्ये टाकून नेली होती. बंगाल्यांकडून ह्यांनी घेतलेली एकच गोष्ट. मी चिडवायची, गारठा नाही नि काही नाही, आणि तुम्ही चोरासारखे. तिच्या डोक्यावर चढवली, कान झाकले, वरून माझे तळवे. भिंत आणि डोकं यांच्यामध्ये माझा खांदा. खांदा आता दुखतोय. बराच वेळ तसंच. मग हळूहळू डोकं आपटायचं थांबलं. श्वास लांब झाला.

टोपीतून नुसते डोळे दिसत होते. "दाजी", ती म्हणाली. जागेपणी पहिल्यांदा.

"येतील हं", मी म्हटलं.

घरी आले तर फोन. अनोळखी नंबर. "मावशी, मी दाजी बोलतोय." तो गावी परत गेलाच नव्हता. हावड्याला एका धर्मशाळेत राहून तिलाच शोधत होता.

शनि., २४

आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात संदेश मिठाईचा खोका. माझ्या पाया पडला. "लई उपकार झाले, मावशी. परमुलखात आपलं मानूस भेटलं." बोलणं मऊ. सुतपादी 'जामाइबाबू, बोशुन बोशुन' करत खुर्ची पुसायला लागल्या. इथे जावयाचं केवढं कौतुक.

मुलीचं नाव कमल म्हणाला. आई-बाप नाहीत, बहिणीच्या घरीच वाढली.

मी विचारलं, "हिची ताई?"

"ती वारली की, गेल्या साली. स्टोव्हचा भडका झाला." खोक्याची दोरी सोडत होता. "दोन वर्साचं लेकरू हाय मागं. त्याला मावशीबिगर कोन? गंगासागरचं न्हानं झालं की आमचं दोघांचं लग्न उरकायचं ठरलं हुतं. ही जरा डोक्यानं कमी हाय. घाबरती."

मी ती सोडलेली दोरी बोटाला गुंडाळत राहिले. 

तो हॉलच्या दारात उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "कमे."

ती ओरडली नाही. लपलीही नाही. उठली, पांघरुणाची घडी घातली, उशीवर ठेवली आणि मान खाली घालून उभी राहिली. "देखलेन?" सुतपादी मला म्हणाल्या. "चिनेछे!" ओळखलं तिने! त्यांच्या डोळ्यांत पाणी.

मी खाली बघत होते. तिच्या पायाखालची फरशी ओली झाली होती. डावा हात स्वेटरच्या बाहीत पार आत ओढलेला.

"ह्यो पुरुषाचा स्वेटर कुनाचा?" त्याने विचारलं. हसत.

"हिला ताप आहे", मी म्हटलं. "आज नेता येणार नाही." ताप नव्हता.

सुतपादींनी कपाळाला हात लावून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाल्या, तसंही अधिकारी बाई आल्याशिवाय सोडता येत नाही. उद्या रविवार, परवा सुट्टी. मंगळवारी या.

संदेश कोणी खाल्ले नाहीत.

रवि., २५

ग्रुपवर फुलं, नमस्कार, अंगठे. 'तुमच्यामुळे एक घर सावरलं, वहिनी.' मी लिहिलं, कृपया थांबा, अजून नक्की नाही. त्याच्यावर कोणाचा तरी वाढदिवस आला.

शब्दाचा अर्थ मी बरोबर सांगितला होता. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. त्यात काही चूक नाही. हाक मारतेय की कोणी येतंय म्हणून सांगतेय, एवढंच मला कळलं नाही.

तिच्याजवळ बसले. मटार पुढे होते, तिने हात लावला नाही. सरळ विचारलं. "दाजींबरोबर जायचं आहे तुला?" माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "नसेल जायचं तर नको म्हण. नुसती मान हलव, बाळ." काही नाही. मी स्वतःच मान हलवून दाखवत होते. वेड्यासारखी.

शेवटी तिने मूठ उघडली. तो तळहात माझ्यासमोर धरला. "दाजी", म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

पुन्हा हाताकडे. पुन्हा दाराकडे.

मी तो हात माझ्या हातात घेतला. 

संध्याकाळी अमेयला सांगितलं. तो मग म्हणाला, "आई, त्या माणसाला आपलं घर माहितेय?" नाही म्हटलं. ग्रुपवर माझ्या नावापुढे ब्लॉक आणि फ्लॅटचा नंबर आहे, हे नंतर आठवलं.

सोम., २६

सकाळी मैदानावर झेंड्याची गाणी. तिने आपण होऊन टोपी घातली.

सुतपादींना सगळं सांगितलं. गॅस, हात, फरशी. त्यांनी ऐकलं. दार लावून घेतलं. "आमि बुझी, बउदी, मला कळतं. पण कोणी दाराकडे बघितलं हा काही पुरावा नाही." अधिकारी बाई उद्या अकराला येणार. त्यांना घाई असते. मुलगी सज्ञान आहे. नाही म्हणाली तर कोणी नेऊ शकत नाही. पण म्हणायला हवं. काहीच बोलली नाही तर मनाने दुबळी असं लिहितील, आणि दुबळीला घरच्यांच्या ताब्यात देतात. घरचा तो एकच. ताईच्या लग्नाचा फोटो आहे त्याच्याकडे, हीसुद्धा आहे त्यात, परकर-पोलक्यातली. "ती जे बोलेल ते बांगलात तुम्हीच सांगायचं. दुसरं कोण आहे?"

दुपारभर तिच्याबरोबर. नको, नको, नको. लहान मुलाला शिकवतात तसं. ओठ हलतात. आवाज येत नाही.

एकदा तिने माझ्या शालीचं टोक धरलं. "तोमार", म्हणाली. मग स्वेटरला हात लावला. "आमार."

"हो", म्हटलं. "तुझाच."

निघताना "येते हं" म्हटलं. दारापर्यंत पोहोचले होते. मागून बारीक आवाज.

"या."

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर निघता आलं नसतं.

बाहेर, समोरच्या टपरीवर तो. हातात मातीचं भांडं, चहा पीत. मला बघून उठला, हात जोडले. "या, मावशी. उद्या भेटूच." आमच्या ब्लॉकचं वळण येईपर्यंत पाठीवर त्याची नजर. घरी येऊन दोन्ही कड्या लावल्या.

उद्या अधिकारी बाई तिला विचारतील आणि ती एकच शब्द बोलेल, जो तिला बोलता येतो. सगळ्यांना वाटेल ती त्याला हाक मारते आहे. मग माझ्याकडे बघतील, काय म्हणाली म्हणून. तिच्या तोंडी दाजी म्हणजे 'नको', असं मी सांगणार आहे. ठरलं आहे. घरी मोठ्याने म्हणूनही पाहिलं, बांगलात.

फक्त, त्या खोलीत तिच्याखेरीज मराठी कळणारे आम्ही दोघं असू. मी आणि तो.