आठ सेंटिमीटर खाली

६ एप्रिल, शनिवार
ठरलं. गाडी खाली घ्यायची. तेरा इंची चाकं काढून सतराची अलॉय, त्यावर पातळ टायर, आणि चारही स्प्रिंग बदलून गाडी आठ सेंटिमीटर खाली. ऑगस्टमध्ये चौकात बुटक्या गाड्यांचा मेळावा असतो, त्यात उतरायचं. माझं वय सेहेचाळीस. बावीस वर्षं नोटरीच्या कचेरीत लोकांच्या सह्या खऱ्या असल्याचे शिक्के मारतोय. काल ऑफिसातली एलियाने म्हणाली की माझी गाडी चिखलातून स्कर्ट वर धरून चाललेल्या नन बाईसारखी दिसते. तिच्या बोलण्याचा या निर्णयाशी संबंध नाही.
बायकोला, जुसेलियाला, सांगितलं. तिने पुस्तकातून मान वर न करता विचारलं, तिच्या आईला मागे बसता येईल ना? म्हटलं, अर्थात.
प्रोजेक्टची रोज नोंद ठेवायची. (वही जुसेलियाच्या अभ्यासाची आहे. मागची पानं कोरी होती.)

१३ एप्रिल, शनिवार
झालं. वांदेर्लेच्या गॅरेजमध्ये सहा तास. जॅक काढला आणि गाडी हळूच खाली बसली, जशी मांजर बसते. डोळ्यांत पाणी आलं. वांदेर्लेने विचारलं, राहता कुठे? म्हटलं, वरच्या चढावर. त्याने काढलेले स्प्रिंग एकेक करून पुसले. मग म्हणाला की जुने स्प्रिंग तो ठेवून घेतो. म्हटलं, भंगारात दे. तो म्हणाला, असू देत, जागा आहे.
घरी येताना तीन गतिरोधक. तिन्ही तिरपे घेतले. एक चाक आधी, मग दुसरं. मागच्यांनी हॉर्न वाजवले. कौतुकाचे असणार.

१४ एप्रिल, रविवार
झावळ्यांचा रविवार. दोना झुल्मीरांना, म्हणजे सासूबाईंना, चर्चला न्यायचं होतं. त्या मागे बसल्या आणि मागचे दोन्ही टायर मडगार्डला घासायला लागले. पूर्ण रस्ता खर्र, खर्र. चर्चच्या पायऱ्यांवरचे सगळे वळून बघत होते. सासूबाई म्हणाल्या, गाडी रडतेय.
स्प्रिंग अजून नवे आहेत. बसायला वेळ लागतो. तोपर्यंत सासूबाईंनी चौदा नंबरच्या बसने जावं. चालणंही होईल. त्यांच्या गुडघ्यांसाठी चांगलं.

१६ एप्रिल, मंगळवार
ऑफिसात एलियानेला खिडकीतून गाडी दाखवली. ती म्हणाली, टायर पंक्चर आहेत का चारही?

९ मे, गुरुवार
कचेरीतून आलो तर नगरपालिकेची माणसं. आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना नवे गतिरोधक. जुने नुसतेच आडवे फुगवटे होते, हे म्हणजे झोपलेले बैल. डांबर ओलं होतं म्हणून आत सोडलं, फळ्या टाकून. फळ्या मग काढून घेतल्या.
हा नागरिकांवर अन्याय आहे. तक्रार लिहायला बसलो. जुसेलियाने आठवण करून दिली की तीन वर्षांपूर्वी याच गतिरोधकांसाठी गल्लीने अर्ज केला होता, आणि पहिली सही माझी होती. वर 'शक्य तितके उंच' असंही मीच लिहिलं होतं.
तेव्हा परिस्थिती वेगळी होती.

१० मे, शुक्रवार
खालच्या टोकाला प्रयत्न केला. पोट टेकलं. वरच्या टोकाला प्रयत्न केला. पोट टेकलं. ऑफिसला बसने. वांदेर्लेला फोन केला. तो म्हणाला, गतिरोधकाला आपल्याकडे स्प्रिंगमोड्या उगाच नाही म्हणत.

१२ मे, रविवार
गाडी रोज फिरवली पाहिजे, नाहीतर बॅटरी उतरते. गल्लीची लांबी एकशेऐंशी मीटर. खाली जातो, वळवतो, वर येतो, वळवतो. सकाळी अकरा फेऱ्या. शेजारी अताईदे, ज्याचा गॅस सिलिंडरचा ट्रक आहे, खुर्ची घेऊन दारात बसला होता. दर फेरीला हात करत होता. मीही केला.
एकंदरीत गाडीवर पकड छान आहे.

१८ मे, शनिवार
उपाय सापडला. फळ्या. चार जाड फळ्या सुताराकडून करून घेतल्या. जुसेलिया उतरते, फळ्या मांडते, मी पार होतो, ती उचलून डिकीत टाकते. आज सुपरमार्केटपर्यंत गेलो. सात गतिरोधक. येताना ती शेवटचे तीन चालतच आली.
फळ्यांच्या वजनाने गाडी मागून आणखी दोन सेंटिमीटर खाली गेली आहे. दिसायला उत्तम.

२९ मे, बुधवार
रविवारी जुसेलियाची परीक्षा. शेजारच्या गावातल्या आरोग्य केंद्रात परिचारिकेची एकच जागा. दोन वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरातून आल्यावर अभ्यास केलाय तिने. आठला परीक्षा केंद्राचं फाटक बंद होतं आणि मग कोणी कितीही रडलं तरी उघडत नाही. ती म्हणाली, बसने जाईन. मी म्हटलं, नवरा असताना बसने? तिने पुस्तकाचं पान उलटलं. म्हणजे पटलं.

२ जून, रविवार, स. ६:५०
निघालो. ऐन हिवाळ्यातली थंडी. धुकं. वेळ भरपूर. अर्ध्या वाटेत खायला सासूबाईंनी चीजपाव दिलेत.

स. ७:०५
वरचा गतिरोधक. दवाने फळी निसटली. गाडी त्यावर मधोमध बसली आहे. पुढची चाकं हवेत फिरतात. तिरपी घेतल्यामुळे माझं दार विजेच्या खांबाला टेकलंय. किरकोळ अडचण.

स. ७:१२
जुसेलिया तिच्या बाजूने उतरली. तिने मला उतर म्हटलं नाही. गाडी अशी रस्त्यात सोडून मी जाणारही नव्हतो. पलीकडे अताईदेचा ट्रक उभा होता. ती त्याच्याशी बोलली, बूट हातात घेतले आणि मागे सिलिंडरांवर चढून बसली. गिऱ्हाइकांना कळावं म्हणून ट्रकवर वाजतं ते गॅसवाल्याचं गाणं सुरू झालं आणि धुक्यात लांब लांब गेलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. तोल सांभाळत असेल.

स. ७:२५
मागे चौदा नंबरची बस. तिच्यात त्याच परीक्षेला निघालेले लोक. मी काच खाली करून शांत राहा म्हणून सांगितलं. उत्तरं लिहिण्यासारखी नाहीत.

स. ७:३५
सतरा जण उतरले. गाडी उचलली. माझ्यासकट. बाजूच्या फुटपाथवर ठेवली, भिंतीला लावून. मी पूर्ण वेळ स्टिअरिंग धरून दिशा देत होतो. आता दुसरं दार भिंतीला आहे, माझं अजून खांबाला.
चीजपाव चार होते. दोन खाल्ले.

दु. १:४०
जुसेलिया चालत आली. आठला दोन मिनिटं कमी असताना पोचली होती. बसवालेही पोचले. तिने खिडकीतून आत पाहिलं. मी विचारलं, पेपर कसा होता? ती म्हणाली, सोपा. मग घरी जाऊन झोपली. डिकीच्या वाटेने बाहेर आलो. जमतं.

५ जुलै, शुक्रवार
निकाल. पहिली आली. एकच जागा होती, ती तिची. एक तारखेपासून रुजू व्हायचं. सासूबाई रडल्या. मीही. मी म्हटलं, आपण जिंकलो. जेवताना तिने चमचा खाली ठेवला.
"एरिवेल्तो, मला रोज सव्वीस किलोमीटर जायचंय. गल्लीतून बाहेर पडणारी गाडी लागेल. नाहीतर तिथे एक खोली बघून ठेवलीय मी."
आवाज अजिबात चढलेला नव्हता. चढलेला असता तर मी मुद्दे मांडू शकलो असतो.

६ जुलै, शनिवार
वांदेर्लेला फोन केला. जुने स्प्रिंग आहेत का? तो म्हणाला, लेबल लावून ठेवलेत. तीन महिने ठेवतो तो सगळ्यांचे. तिसऱ्या महिन्याच्या आतच फोन येतो, म्हणाला. तो हत्यारं घेऊन इथेच येणार आहे. गाडी त्याच्याकडे जाऊ शकत नसल्यामुळे.
हा पराभव नाही. मधली विश्रांती.

१३ जुलै, शनिवार
वांदेर्लेने गल्लीतच काम केलं. लोक खुर्च्या घेऊन बसले होते. सासूबाईंनी सगळ्यांना कॉफी दिली. जॅक काढला आणि गाडी उंच राहिली. टाळ्या वाजल्या. अलॉय काढून तेराची चाकं लावली. अलॉय पलंगाखाली. मध्ये मध्ये बाहेर काढून पुसायची.

१४ जुलै, रविवार, स. ११:२०
चर्चला गेलो. जुसेलिया चालवत होती, तिला रस्त्याची सवय हवी म्हणून. गतिरोधक सरळ घेतला. काही वाजलं नाही. पुढे सासूबाई, कारण गुडघे. मी मागे.
प्रार्थना कधीच संपली. पाद्रीबाबा गाडीपाशी आलेत आणि सासूबाई पुढच्या सीटवरूनच त्यांना मुलीच्या नोकरीचं सगळं पहिल्यापासून सांगताहेत. जुसेलिया कोणाशी तरी बोलायला उतरून गेली. जाताना सवयीने तिचं दार लॉक करून किल्ली घेऊन गेली. दोन दारांची गाडी. पुढचं माणूस उतरल्याशिवाय मागच्याला बाहेर पडता येत नाही. मागची काच उघडत नाही, डिकीही किल्लीशिवाय उघडत नाही.
आत्ता त्यांची गोष्ट सिलिंडरांपर्यंत आली आहे.