दारापासून खाटेपर्यंत

पिंपरी,
२९ ऑक्टोबर २००१

प्रिय आई,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. मला सातवा सरत आलाय, पाय सुजतात, बाकी तक्रार नाही. रोनाल्डला या आठवड्यात सकाळची पाळी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? फोन लावला की नुसता वाजत राहतो. कुठल्या ढिगाखाली गेलाय देव जाणे. म्हणून हे पत्र.

भुईगावची बातमी शेजारच्या बेसिलअंकलकडून कळली. या महिन्यात मारियामातेची मूर्ती घरोघर जाते. गेली दोन वर्षं बरं नाही सांगून तू ती पुढच्या घरी पाठवलीस. यंदा म्हणे अंगणातच खुर्चीवर बसवलीस आणि दिवसभर शेजारी बसून राहिलीस. संध्याकाळी माळेची प्रार्थना म्हणायला आलेले लोक उभ्यानेच परतले. ऐकून मी खूप रडले. पूर्वी मूर्ती यायची तेव्हा पप्पा आठ दिवस आधी भिंतींना चुना लावायचे.

घरातलं काही टाक म्हटलं की तू म्हणशील, "लागतं गं कधीतरी." लागतं खरं, पण सापडतं का? घरात सुयांची दहा पाकिटं असतील, तरी बटण तुटलं की तू धोंडूबाईकडे सुई मागायला जातेस! दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, लग्नांतले केकचे खोके, फुलांच्या फुटक्या करंड्या, पप्पांचे पेपर.

पप्पा गेले त्याच वर्षी मी लग्न करून इथे आले आणि तू माझी खोली भरायला लागलीस. रिकामी खोली तुला बघवत नसेल. मी मात्र वर्षातून दोनदा येऊन "काय हा पसारा" म्हणायचे आणि निघायचे. तू एकटी कशी राहतेस, हे कधी विचारलं नाही.

सासूबाई निर्मळहून विचारतात, "पहिलं बाळंतपण माहेरी, कधी जातेस?" मी डॉक्टरांचं नाव पुढे करते. प्रवास मना केलाय, असं तुलाही कळवलं. ते खोटं होतं, आई.

सप्टेंबरात मी येऊन गेले. एकटीच. दार उघडं होतं. ढिगांमधल्या त्या बोळातून मी नेहमी अंग चोरून आत येते. या वेळी पोट अडकलं. वरचा एक खोका पोटाला घासून खाली पडला आणि मी घाबरले. आतून तू विचारलंस, "कोन हाय?" मी बोलले नाही. मागे सरकत बाहेर आले, रिक्षात बसले. तू पुन्हा विचारलंस, तेही ऐकलं.

तेव्हा तोंडावर सांगायला हवं होतं, ते आता लिहिते. त्या घरात बाळ ठेवता येणार नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही येऊ. सगळं टाक म्हणत नाही. पप्पांचे पेपर राहू देत, मीच नीट लावीन. मला फक्त माझी खाट मोकळी हवी आणि दारापासून तिच्यापर्यंत सरळ चालता येईल अशी वाट हवी. माझा पाळणा तळाशी आहे म्हणतेस ना? वाट काढताना तोही निघेल. बेसिलअंकल आणि त्यांचा पीटर मदतीला येतील. त्यांना आत येऊ दे.

वाट नसेल तर मी निर्मळला जाईन. मग मूर्तीसारखंच बाळही तुझ्या अंगणापर्यंतच येईल, आणि त्याला मांडीवर घेऊन तू बाहेर खुर्चीत बसशील. ते मला बघवणार नाही.

दाराशी पावलं वाजली की विचार, कोण आहे म्हणून. या वेळी मी ओ देईन.

तुझ्या दारातून न बोलता परतलेली,
तुझीच
जॉयस